पुढचा डोह तुझा

दिवसभर काही हाती न लागता इतक्या आनंदाने घरी येणारा माणूस माझ्या रूममेटखेरीज अख्ख्या मिशिगनमध्ये दुसरा नसेल. ॲन आर्बरला आम्ही तीन वर्षं एकत्र काढली. हा पुण्याचा, केकमध्ये अंडं आहे का हे विचारून खाणारा, आणि त्याला वेड कसलं, तर मासे धरण्याचं. तेही साधे मासे नव्हेत. स्टीलहेड नावाचा हातभर लांब चंदेरी मासा तिथल्या समुद्राएवढ्या सरोवरातून ऐन थंडीत नदीत वर चढतो. गळाला पिसं, केस, लोकर गुंडाळून केलेल्या खोट्या माशीने त्याला फसवायचं, क्षणभर हातात धरायचं, "सॉरी यार" म्हणायचं आणि सोडून द्यायचं. तीन हिवाळ्यांत त्याने असे चार मासे सोडले. मी दर शनिवारी त्याच्याबरोबर जात होतो, पण मला एकही मिळाला नाही, त्यामुळे माझ्यावर सोडण्याची वेळच आली नाही.

थंडी कडक पडली, की बर्फ वितळत नाही आणि नदी उतरते. पाणी इतकं नितळ होतं, की तळाचा खडा न् खडा दिसतो. "मासा आपल्याला दिसला, म्हणजे आपण त्याला आधीच दिसलोय," हे त्याचं आवडतं वाक्य. म्हणून नदीकाठी तो गुडघ्यात वाकून चालायचा, आणि ती सवय इतकी मुरली, की भारतीय दुकानातही भेंडीच्या टोपलीकडे तसाच दबकत जायचा. एका काकूंनी मला बाजूला घेऊन त्याच्या पाठीची चौकशी केली आणि मालिशचं तेल पाठवलं. कपडे सगळे चिखलाच्या रंगाचे. दिवाळीच्या कार्यक्रमालाही कुडता चिखलाचाच. जेवणाच्या टेबलावर तो माश्या बांधत बसायचा आणि हाताशी येईल ते वापरायचा. घरमालकिणीच्या मांजराला त्याने एका बाजूने विरळ करून टाकलं होतं. माझ्या आईने विणलेला राखाडी मफलर दर आठवड्याला चार बोटं आखूड होऊ लागला, तेव्हा मात्र मी भांडायला गेलो.

"अरे, दुकानातली लोकर मासे ओळखतात," तो मान वर न करता म्हणाला. "काकूंची लोकर पाण्यात काय हलते, बघ."

हे ऐकून मला इतका अभिमान वाटला, की मी मफलरचं दुसरं टोकही दिलं.

त्याच्याबद्दल मला असूया होती. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात खुर्च्या मी मांडायचो, पातेली मी उचलायचो. हा सगळं आवरल्यावर यायचा. कुणी काकू विचारायच्या, "काय रे, मिळालं का काही आज?" हा म्हणायचा, "काही नाही काकू, मस्त झालं." त्या हसायच्या आणि उरलेल्या पुरणपोळ्यांचा डबा त्याच्या हातात द्यायच्या. पण त्याहून जास्त असूया मला रविवारच्या फोनची वाटे. त्याची आई पुण्याहून विचारायची, "काल पाणी कसं होतं?" आणि हा अर्धा तास पाण्याबद्दल बोलायचा. परांड्यात माझ्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्यांना मी कधीच सांगू शकलो नाही, की अमेरिकेत आल्यावर मी एक अख्खा दिवस बर्फाच्या पाण्यात उभा राहिलो आणि रिकाम्या हाताने परत आलो. माझ्या मनात एकच हिशेब होता : एक मासा मिळू दे, म्हणजे हे सगळं सांगता येईल.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत माझा शेवटचा शनिवार आला. पुढच्या आठवड्यात मी नोकरीसाठी ॲरिझोनात, चँडलरला निघणार होतो. तिथे वाळवंट. आमचा नियम असा होता, की एक डोह त्याचा, पुढचा माझा. ज्याची पाळी नसेल त्याने उंच काठावर बर्फात पालथं पडून मासा कुठे आहे ते दुसऱ्याला सांगायचं. सकाळपासूनचे डोह रिकामे गेले. दुपारी एका आडव्या ओंडक्याखाली, वाळूवर, मोठा मासा स्पष्ट उभा दिसला. पाळी त्याची होती.

तो गुडघ्यांवर पाण्यात शिरला. "दिसतोय का?" त्याने हळूच विचारलं.

"ओंडक्याच्या टोकाला. दोन हात डावीकडे."

मला वाटत होतं, आता हा मागे वळेल आणि म्हणेल, आज तू ये. तो वळला नाही. गळ फेकायला त्याने दोरी मागे नेली, आणि मी उठून उभा राहिलो. सूर्य माझ्या पाठीशी होता. मासा एका झटक्यात खोल पाण्यात नाहीसा झाला. मी घाईघाईने परत पालथा पडलो.

तो पाण्यातून बाहेर आला आणि म्हणाला, "माझीच सावली पडली बहुतेक. चल, पुढचा डोह तुझा. आज सगळेच तुझे." संध्याकाळपर्यंत त्याने रॉडला हात लावला नाही. प्रत्येक डोहावर तो बर्फात पालथा पडून मला डावीकडे, उजवीकडे सांगत राहिला. मला काही मिळालं नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्याचा चँडलरला फोन आला. इकडतिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "त्या ओंडक्याच्या डोहावर परवा गेलो होतो. एक सांगू का? तिथे काठावर उभं राहायचं नसतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अख्ख्या नदीवर पडली होती तुझी सावली. कानटोपीचा गोंडासुद्धा दिसत होता."

"मग स्वतःची का म्हणालास?"

"मग काय म्हणायचं होतं? तुझा शेवटचा शनिवार. त्यात परत जाताना तीन तास एका गाडीत बसायचं होतं." तो हसला. "मीच तुला बोलवायला हवं होतं त्या डोहावर. मासा बघितला, की मला काही सुचत नाही रे."

विषय बदलायचा म्हणून मी विचारलं, आता बरोबर कोण येतं. नागपूरचा एक नवा रूममेट येतो म्हणाला.

"नीट पडून राहतो का तो?"

"एकदम. दोन-दोन तास हलत नाही."

"बरं आहे," मी म्हणालो. त्या नागपूरकराचं नाव काय, हे मी मुद्दामच विचारलं नाही.