पाय तिसऱ्यातच काढायचा

ठोक्याच्या हाताखाली गाडी शिकलेला माणूस डाव्या हाताच्या बोटांवरून ओळखू यायचा. पेरं जाड झालेली आणि मधल्या बोटावर हमखास एखादा पांढरा व्रण. ठोक्या शेजारच्या सीटवर बसायचा, मांडीवर वीतभर लोखंडी सळई घेऊन. शिकणाऱ्याने गिअरचा लिव्हर मुठीत पकडला की सळई खाली आलीच.

"मूठ कुणासाठी वळतोस? कुणाला मारायचंय? तळवा लाव, तळवा!"

तो ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स दुरुस्त करायचा आणि फक्त तेवढंच करायचा. कुणी ब्रेकचं काम घेऊन आलं तर शेजारच्या गॅरेजकडे बोट दाखवायचा. गोदामांच्या मागे त्याची पत्र्याची शेड होती. लांब टेबलावर ट्रे मांडलेले, ट्रेमध्ये लाल तेलात बुडवून ठेवलेल्या क्लचच्या चकत्या, आणि सगळ्या जागेला त्या तेलाचा जळकट वास. पण त्याचं नाव झालं होतं ते शर्यतीच्या गाड्यांमुळे. जुन्या, बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर रविवारी दोन-दोन गाड्या सरळ रेषेत पळायच्या. पाव मैल, बारा सेकंदांच्या आत काय ते होऊन जायचं. त्यातल्या निम्म्या गाड्यांच्या पोटात ठोक्याचं काम असायचं.

"ऑटोमॅटिक गाडीला शर्यतीत करायचं काय असतं? 'डी'वर टाकायची आणि पाय दाबायचा," असं कुणी म्हणालं की ठोक्या आधी शिवी हासडायचा, मग समजावून सांगायचा. "'डी'वर सोडलेला गिअरबॉक्स म्हणजे सरकारी कारकून. कुणाला धक्का न लागता फाइल पुढे सरकवणार. इंजिनात अजून जीव आहे तोवर हा दुसरा टाकून मोकळा! म्हणून लिव्हर खाली ओढून पहिल्यात घ्यायचा. डावा पाय ब्रेकवर, उजवा अॅक्सिलरेटरवर, गाडीला दोन्हीकडून आवळून धरायचं. दिवा हिरवा झाला की डावा सोडायचा. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा छप्पन्नशेवर आला की दुसरा. सहा हजारांची वाट बघायची नाही, कारण तू ढकलल्यापासून आत पकड बसेपर्यंत तो सहा हजारांवर गेलेलाच असतो. मग तिसरा. आणि तिसऱ्याच्या पुढे काय आहे?"

"न्यूट्रल."

"मुठीने ढकललंस तर हात थांबत नाही. तिसरा ओलांडून न्यूट्रलमध्ये जातो, आणि मोकळं सुटलेलं इंजिन तुझ्या तोंडावर फुटतं. तळव्याला थांबायचं कळतं."

हे सगळं तो हसतहसवत सांगायचा. एक गोष्ट मात्र कधीच हसून सांगत नसे. शर्यतीआधी मागचे टायर जागच्या जागी फिरवून तापवतात, तेव्हाची. "पहिल्यात तापवायचे नाहीत. दुसऱ्यात सुरू करायचं, तिसऱ्यात टाकायचं, आणि पाय तिसऱ्यातच काढायचा."

पहिल्यात टायर बेफाम फिरत असताना एकदम पाय काढला, की आतल्या एका छोट्या भागावर सगळा झटका येतो. एकाच दिशेला फिरू देणारा वन-वे क्लच असतो तो. तो तुटला की त्याने धरलेला जाड लोखंडी ड्रम मोकळा सुटतो, आणि पुढच्या वेळी पूर्ण ताकद मिळाली की दुप्पट वेगाने फिरून फुटतो. बॉम्बसारखा.

बावीस वर्षांपूर्वी ठोक्याने नेमकं तेच केलं होतं. ड्रमचे तुकडे गाडीची फरशी फाडून वर आले. डाव्या पायाची तीन बोटं बुटासकट गेली. दोन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन कुंपणाशी उभी असलेली बायको धावत आली, तिने अंगातला स्वेटर काढून पायाला गुंडाळला, आणि दवाखान्यापर्यंत वाटभर एका हाताने तो पाय आणि दुसऱ्या हाताने पोर धरून बसली. पोर रडली नाही. टकमका बघत राहिली.

तेव्हापासून तो प्रत्येक गिअरबॉक्सभोवती गोळी अडवणाऱ्या कापडाची जाड रजई पट्ट्यांनी आवळून बांधायचा. तेव्हापासूनच सळई. मार खाल्लेलं डोकं विसरतं, हात विसरत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

लेक चोवीस वर्षांची झाली, आणि त्याने शिकवलेल्या सगळ्यांत तिचा हात सरस निघाला. म्हणून तिला मारही सगळ्यांत जास्त. एके दिवशी सरावात तिची मूठ वळली, सळई आली, मधल्या बोटाची कातडी हाडापर्यंत फाटली. दोन टाके पडले. दवाखान्यातून ती सरळ शेडमध्ये आली, सळई उचलली आणि टेबलावर आपटली. ट्रे उडाले, लाल तेल भिंतीवर चढलं.

"बाबा, एकदाच सांगते. पुन्हा माझ्यावर हात उचललात तर मी मामाकडे राहायला जाईन. त्याचीच गाडी चालवीन. तो कधीचा बोलावतोय."

ठोक्या भिंतीवरचं तेल पुसायला लागला. रात्री बायको म्हणाली, "अहो, ती तुमचीच लेक आहे. बोलली म्हणजे करणार. सांभाळा."

त्याने सांभाळलं. महिनाभर तो सरावाला दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. लेकीची मूठ वळायला लागली की त्याचे खांदे थरथरायचे, दात करकरायचे, पण हात बाहेर यायचे नाहीत. "बाबा, तुम्हाला बघून कुणाला वाटेल शौचाला लागलीय," लेक म्हणाली, आणि दोघंही हसत सुटली. त्या महिन्यात ती अर्ध्या सेकंदाने सुधारली.

महिना संपला त्या रविवारी शेवटची शर्यत लागली ती लेक आणि मामा यांच्यात. मामा म्हणजे ठोक्याचा मेव्हणा. टायरचं दुकान, छातीपर्यंत बटणं उघडी, जिभेला हाड नाही. त्याच्या गाडीचा गिअरबॉक्सही ठोक्यानेच भरलेला, म्हणजे सुटे भाग जुळवून बांधलेला.

"भावोजी, आज घरातलंच भांडण," तो खिडकीतून ओरडला. "जेवायला कुणाच्या पंगतीत बसणार?"

"तुझी रजई कुठाय?" ठोक्या गाडीखाली वाकून बघत होता.

"काढली. सोळा किलो उगाच कोण वाहणार?"

"चढव आधी."

"पुढच्या वेळी, भावोजी." मामाने काच वर केली.

कुणीतरी फोन धरून चित्रण करत होतं. मामाने कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारला आणि टायर फिरवले. धूर असा उठला की गाडी दिसेनाशी झाली. ठोक्या आवाज ऐकत होता. इंजिन किंचाळत होतं आणि गिअर बदलल्याचा हेलकावा येत नव्हता. पहिल्यातच! मग मामाने पाय काढला. त्या सगळ्या गदारोळाखाली एक बारीक, कोरडा आवाज झाला. सुपारी फुटावी तसा.

ठोक्या ओरडत सुटला.

"थांबवा! उतरवा त्याला! वन-वे गेलाय!"

दिवा लावणाऱ्याच्या कानात बोळे होते. दोन्ही गाड्या रेषेवर आल्या. ठोक्या लंगडत धावला, वाटेत कुणाच्या तरी हत्यारांच्या पेटीतून टॉमी, हातभर लांबीची जाड लोखंडी कांब, उचलली आणि मामाच्या गाडीसमोर उभा राहिला.

"उतर! वन-वे तुटलाय. पाय जातील तुझे!"

"पोरगी हरेल म्हणून नाटकं करता होय?" मामाने हॉर्न दाबून धरला. "बाजूला व्हा, नाहीतर घालतो अंगावर!" आणि त्याने खरोखरच गाडी फूटभर पुढे उडवली. बंपर ठोक्याच्या गुडघ्यावर बसला.

तो बाजूने खिडकीशी आला आणि टॉमी काचेवर पडली. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला काच आत कोसळली. ठोक्याने खिडकीतून हात घालून मामाची कॉलर धरली आणि त्याचं डोकं खिडकीबाहेर खेचलं. मामाने ठोसा मारला. ठोक्याचा ओठ फाटला, दात हलला. त्याने मामाचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली, पण मामाचा डावा पाय ब्रेकवर आणि उजवा अजून अॅक्सिलरेटरवरच होता आणि इंजिन ओरडत होतं. लोक धावत आले. कुणी ठोक्याच्या पाठीत लाथ घातली, कुणी केस धरले. त्या धुमश्चक्रीत मागून एक हात आला आणि त्याच्या टॉमीवाल्या मनगटाजवळून पुढे घुसला.

तो हात त्याने ओळखला. मधल्या बोटावर टाक्यांची खूण होती.

ओळखला, आणि त्यावरच घाव मारला. बावीस वर्षांच्या सवयीने, नेमका पेरांवर. टॉमी सळईपेक्षा चौपट जड होती.

हाड मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला. लेक ओरडली नाही. हात पोटाशी धरून खाली बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग उठून तिने उजवा हात गाडीत घातला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

शर्यत रद्द झाली. ठोक्याला धावपट्टीवर कायमची बंदी आली. लेक मामाच्याच दुसऱ्या गाडीतून दवाखान्यात गेली, आणि तिथून मामाच्या घरी.

चौथ्या दिवशी मामा शेडमध्ये आला. नाकावर पट्टी, दोन्ही डोळ्यांखाली काळंनिळं. त्याच्या गाडीतून काढून आणलेला गिअरबॉक्स टेबलावर उघडा ठेवला होता. ठोक्याने न बोलता ट्रे पुढे सरकवला. वन-वेचे रोलर आडवे पडले होते, त्यांचा पिंजरा दोन ठिकाणी तुटला होता, आणि ड्रमला केसासारखी चीर गेली होती. मामाने तिच्यावरून नख फिरवलं. मग उलट्या बादलीवर मटकन बसला.

"भावोजी, माझे पाय राहिले."

"ती काय म्हणाली?"

मामाने नाकावरची पट्टी चाचपली. "तिनेही तो आवाज ऐकला होता. म्हणून तर गाडीतून उडी मारून आली. लोकांना वाटलं तुम्हाला धरायला आली. तुम्हालाही तसंच वाटलं असेल."

"मग?"

"किल्ली बंद करायला हात घातला होता तिने."

ठोक्याने ट्रेची कड धरली.

"हात बरा झाला की माझी गाडी चालवणार म्हणते," मामा म्हणाला. "गिअरबॉक्स बाबांनीच भरायचा, दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी बसणार नाही, असंही म्हणाली. पण इथे येणार नाही. सामान मीच न्यायचं-आणायचं."

ठोक्याने तो भरला. नवा ड्रम, नवा वन-वे, प्रत्येक चकती दोनदा मोजून. तीन आठवडे लागले. रजई गुंडाळून पट्ट्या इतक्या आवळल्या की तळहाताला फोड आले. मामा पिकअप घेऊन आला. दोघांनी साखळीने गिअरबॉक्स उचलून मागे ठेवला.

"तिला काही सांगू?"

"टायर दुसऱ्यात…" ठोक्याने सुरुवात केली आणि थांबला.

"ते तिला ठाऊक आहे, भावोजी."

तेवढ्यात बायको शेडमागच्या घरातून बॅग घेऊन आली आणि पिकअपचं दार उघडून आत बसली. तिने बॅग मांडीवर घेतली.

"तू कुठे?"

"तिच्या दोन बोटांत सळ्या घातल्यात. केस विंचरता येत नाहीत, बटणं लावता येत नाहीत. तिचं कोण करणार?"

"परत कधी येशील?"

बायकोने काच अर्धी खाली घेतली. "तिला विचारून सांगते."

मामाने इंजिन सुरू केलं. शेडचं फाटक गंजून जड झालं होतं, एकट्याने ओढलं तर खांदा भरून यायचा. ठोक्याने ते एकट्यानेच ओढलं, आणि गाडी वळेपर्यंत धरून उभा राहिला.