होकाराच्या आधी वाजलेली सनई

मला बघायला आलेल्या मुलांचे प्रश्न मी झोपेतसुद्धा सांगू शकते. स्वयंपाक येतो का, लग्नानंतर नोकरी करणार का, गाडी चालवता का. शेवटी, उठता उठता, "तुम्हाला काय आवडतं?" हा प्रश्न सगळेच विचारतात आणि त्याचं उत्तर कुणीच ऐकत नाही. मी म्हणायचे, सनई. एका वादकाचं नावही सांगायचे. समोरचा म्हणायचा, "अरे वा," आणि गच्चीच्या जिन्याकडे बघायचा.

इस्लामपूरजवळच्या गावातून आलेला फौजी जिन्याकडे बघेना. आम्हाला दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं होतं. तिथे वाळत घातलेल्या मिरच्यांच्या कडेला उभा राहून तो म्हणाला, "मी कवा ऐकलं न्हाई त्यांचं. लय अल्बम हाईत का?"

"लय म्हणजे? मोजायचं सोडून दिलंय मी."

"मग सुरुवात कुठनं करू?"

 वर्गात प्रत्येक प्रश्नाला हात वर करणारी मी, वाकून मिरच्या उलट्या करायला लागले. म्हटलं, पाठवते. त्यानं नंबर दिला आणि आम्ही खाली आलो. पोहे संपले होते, मोठ्या माणसांचं उसावर चाललं होतं.

मी मलकापूरला एका मंगल कार्यालयात बुकिंगचं काम बघते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे खुर्चीवरची नोकरी करणारीही पहिली. कार्यालयात दिवसभर सनई लागलेली असते. तेच ते मंगल सूर, चार-पाच धुना, फिरून फिरून. कान मेले होते माझे. एका दुपारी साउंडवाला जेवायला गेला आणि बटण दाबायचं विसरला, तर त्या धुनांच्या मागचं काहीतरी पुढे वाजत राहिलं. हळू, लांबच लांब. मांडव रिकामा होता. मी पावतीपुस्तक तसंच उघडं टाकून उभी राहिले. त्या दिवसापासून मी ते वाजवणाऱ्या वादकाच्या मागे लागले.

आणि मागे लागणं सोपं नाही. त्यानं आयुष्यभर नुसतं वाजवलंय. सुरुवातीच्या छोट्या धुना, मग तासा-तासाचे राग, व्हायोलिनबरोबर, सतारीबरोबर, परदेशातल्या कुणा गिटारवाल्याबरोबर, देवाधर्माचं वेगळं, लग्नाचं वेगळं. त्यात फोनवर एकच राग दहा चित्रांखाली दहा नावांनी सापडतो. नवीन मिळालं म्हणून हुरळून लावावं, तर ते कालचंच निघतं. मी स्वतः वाट चुकत चुकत आत गेलेली. दुसऱ्याला कुठल्या दारातून न्यायचं, हे मला कुठे ठाऊक होतं?

दोन दिवस मी धड जेवले नाही. भूप पाठवू? सोपा आहे, सगळ्यांना आवडतो. पण सगळ्यांना आवडतं ते त्यालाही आवडलं, तर मला काय कळलं? व्हायोलिनबरोबरचं पाठवावं, तर व्हायोलिनच जास्त ऐकू येतं. लग्नाचं तर नकोच नको, सूचक होईल. भूप पाठवला. त्यानं उघडायच्या आत काढून टाकला. मग भैरवी पाठवली, तीही काढली. त्याच्या फोनवर 'हा मेसेज डिलीट केला'च्या ओळी एकाखाली एक उभ्या राहिल्या असणार. शेवटी मारवा पाठवला आणि फोन पालथा ठेवून भाकरी थापायला बसले. सोबत एक शब्द लिहिला नाही. हे असं आहे, तसं आहे, काही नाही.

त्याचा निरोप नाही. मामाचाही नाही. हे स्थळ मामानंच आणलं होतं, आणि होकार असला तर एव्हाना यायला हवा होता. मुलाची सुट्टी संपत आलेली. एकदा का तो युनिटला गेला, की पुढच्या सुट्टीपर्यंत गोष्ट लोंबकळणार, आणि लोंबकळलेली स्थळं आमच्याकडे पिकत नाहीत, गळतात. मी कार्यालयात एकाच मुहूर्तावर दोन पार्ट्यांना हॉल देऊन बसले, इतकं माझं चित्त ठिकाणावर होतं.

मग मामाचा फोन आला. आबांनी, माझ्या वडिलांनी, स्पीकरवर लावला.

"आवं दाजी, तुमच्या पोरीनं काय पाठवलं त्यास्नी? त्यांच्या दारात आज सकाळी सनई वाजली की! पाक सगळी गल्ली गोळा झाली!"

झालं ते असं. त्याच्या थोरल्या भावाचा उसाचा ट्रॅक्टर आहे. आमच्या भागात ट्रॅक्टरला एक वेळ ब्रेक नसला तरी चालतो, स्पीकर लागतोच, आणि तोही दोन गावांना पुरेल एवढा. फौजीनं विचार केला, फोनवर काय ऐकायचं, जरा मोठ्यानं ऐकू. फोनची वायर स्पीकरला जोडली. आता आमच्याकडे सनई कुणाच्या दारात उगीच वाजत नाही. वाजली म्हणजे त्या घरात लग्न ठरलं. शेजारच्या बाया हात पुसत आल्या. "सुपारी फुटली व्हय गं? आन् आमास्नी सांगितलं न्हाई?"  त्या घरच्यांनी अजून होकार कळवलाच नव्हता. आणि सनई पोरीकडनं आलीय हे कळल्यावर तर एक म्हातारी म्हणाली म्हणे, "उतावळा नवरा आयकला हुता, उतावळी नवरी आता बघितली. हिनं तर गुडघ्याला मुंडावळ्याच बांधल्या."

आबा माझ्याकडे वळले. "सनईच घावली का गं तुला? बासरीबिसरी न्हाई मिळाली?"

"आबा, तो मारवा होता. संध्याकाळचा राग. लग्नात मारवा कोण वाजवेल?"

"गल्लीला मारवा कळतो व्हय?"

 गल्लीला सनई कळते, आणि गल्लीचं काही चुकलं नव्हतं.

मामा म्हणाला, "आसं करू. चुकून गेलं म्हणून सांगतो. मैतरणीला पाठवायचं हुतं, बोट चुकलं."

"नाही," मी म्हटलं. "त्यानं मागितलं, मी पाठवलं. बोट चुकलं नाही आणि मीही चुकले नाही."

"लय शिकली की आसं हुतंय," मामा म्हणाला आणि फोन ठेवला.

आबा उठून रानात पाणी धरायला गेले. मोटारीला लाईट नव्हती तरी गेले. मी घरभर फिरले. भांडी घासलेली होती, ती पुन्हा घासली. मला ते स्थळ हवं होतं, हे तेव्हा मला नीट कळलं. पगारासाठी नाही, शेतीसाठी नाही. कुठून सुरू करू, असं दुसरं कुणी विचारील असं मला वाटत नव्हतं, म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाचा आवाज बदललेला. होकार आला! काय झालं? तर दारात उभ्या बायांना रिकाम्या हाती परत कसं पाठवायचं, म्हणून त्याच्या आईनं कालच सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली होती. रात्रभर घरात चर्चा झाली, आणि साखर वाटल्यावर मागं फिरलं तर गावात तोंड दाखवता येणार नाही असं ठरलं. मामा हसत होता. "पोरी, तुझ्या सनईनंच काम केलं बघ!" आई देवाला नारळ फोडायला निघाली.

 हा होकार कुणाचा? गल्लीचा? साखरेचा? मुलगा त्यात कुठे होता?

मी कार्यालयात गेले, खुर्च्या ठेवायच्या खोलीत शिरले आणि त्याला फोन लावला. लग्नाआधी मुली असा फोन लावत नाहीत. लावला.

"ऐकलंत का?"

"काय? होकाराचं?"

"सनई."

त्याच्या मागे कुठेतरी मोटर चालू होती. "आईनं मधीच वायर उपटली. मग कानात घालून रानात गेलो. ऱ्हायलेली तितं ऐकली."

"मग?"

"खरं सांगू का? तरास झाला. मला वाटायचं, आता ह्यो कुठंतरी टेकंल, आता टेकंल. आन् ह्यो टेकंचना. म्या बांधावर बसलो हुतो, पर बसवंना. सगळी उभ्यानंच ऐकली."

 मारव्यात सुरांना घरी जाऊ देत नाहीत, दारापर्यंत आणतात आणि माघारी फिरवतात. हे मी पुस्तकं चाळून शिकले होते. त्याला मी त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"वंगाळ न्हाई म्हनत मी," तो घाईनं म्हणाला. "जाताना पुन्यांदा ऐकणार हाय, गाडीत. पर ह्यापरास जरा निवांत आसंल तर त्येबी पाठवा."

"आणि साखर?"

"साखर आईनं वाटली."

"ते कळलं. तुमचं काय?"

"आडवायचं आस्तं तर मी आडवलं नस्तं व्हय? फौजेत हाय म्हनलं मी. आईफुडं बोलाय येत न्हाई आसं नव्हं."

मी हसले. किती दिवसांनी हसले कोण जाणे. त्याला भूप पाठवला, या वेळी काढला नाही.

घरी आले तेव्हा आबा सोप्यात बसून कुणाकुणाला फोन करत होते. पोरीचं जमलं, पोरीचं जमलं. मी समोर जाऊन उभी राहिले.

"आबा, मामाला माझा होकार कळवा."

"तुझा? आता तुझं काय ऱ्हायलं?"

"मला अजून कुणी विचारलेलंच नाही. विचारा."

आबांनी फोन खाली ठेवला. त्यांनी मला असं कधी काही विचारलं नव्हतं. कॉलेजला जाऊ का, हेही मीच विचारलं होतं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"पोरगा पसंत हाय का गं तुला?"

"आहे."

आबांनी मामाला फोन लावला. "पाव्हणं, आमच्या पोरीचा होकार हाय म्हणून सांगा त्यास्नी... आवं न्हाई, ते सकाळचं नव्हं. ते त्यांचं झालं. तिचा. तिचा निराळा."