छापील जादू, वऱ्हाडी नजर

वावरातून नुसतं आडवं चालत गेलं, तरी घरी आल्यावर पँटीला गोखरू चिकटलेले सापडतात. किस्स्यांचंही तसंच. ते गोळा करायला कोणी जात नाही. एखाद्या मंडळीत दोन-तीन हंगाम काढले की ते अंगाला लागतात आणि मग निघता निघत नाहीत.

माझी मंडळी म्हणजे यवतमाळची एक जादूची पार्टी. जादूगार भास्करकुमार, म्हणजे आमचे भास्करभाऊ, जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाचे दिवस फिरले, जिनिंगला कुलूप लागलं आणि भाऊंच्या हौसेचा धंदा झाला. त्यांच्या पत्नी निर्मलावहिनी. हार्मोनियम, तिकीटविक्री आणि टोमणे ही तिन्ही खाती त्यांच्याकडे. रज्जाकचाचा लग्नात द्यायच्या पत्र्याच्या पेट्या बनवायचे, ते आमचे कारखानदार. आणि चौथा मी. बंगलोरला फिजिक्स शिकलो, ‘गावाकडे परत चला’ असं मित्रांना सांगत राहिलो आणि शेवटी एकटाच परत आलो!

येताना तिथल्या जुन्या बाजारातून रंगमंचावरच्या जादूची इंग्रजी पुस्तकं आणली. त्यांत आकृत्या होत्या, मापं होती, जादूगारानं काय बोलायचं तेही होतं. माझं म्हणणं सरळ होतं आणि आजही तेच आहे. ज्या जिल्ह्यात बियाण्याच्या पाकिटापासून मतपेटीपर्यंत हातचलाखी चालते, तिथं फसवणूक होते कशी हे माणसाला स्टेजवर दिसलं पाहिजे. पुस्तकातला खेळ घ्यायचा, त्याला आपलं रूप द्यायचं आणि खेड्यात न्यायचा.

नेमकं त्याच वेळी एका सरकारी खात्याला शेतकऱ्यांचं मनोबल वाढवायचं होतं. कापसाच्या भावापेक्षा मनोबल वाढवणं स्वस्त पडतं! योजनेत भजनं होती, पथनाट्य होतं, जादूलाही जागा होती. त्या खात्याच्या साहेबांची सही झाली की भाऊंचा खेळ सरकारी खर्चानं गावोगाव जाणार होता. नाही झाली, तर वहिनींच्या भावानं नागपूरच्या एका सोसायटीत वॉचमनची जागा धरून ठेवलेली होतीच.

“टोपी तिथंबी भेटते,” वहिनी म्हणायच्या, “फक्त त्यातून फूल निघत नाही!”

*

सगळ्या पुस्तकांचा पहिला धडा एकच. जादूगार जिकडे पाहतो, प्रेक्षक तिकडे पाहतो. उजवा हात झोकात वर न्यायचा, तिकडेच टक लावायची आणि काम डाव्या हातानं उरकायचं.

ज्यानं हे लिहिलं तो माणूस आर्णीला कधी आला नसावा.

आर्णीच्या बाजारात पहिला खेळ. भाऊंनी उजव्या हातात अंडं धरलं, हात आभाळाकडे नेला, डोळे विस्फारून त्याच्याकडे पाहिलं. आणि अख्खा बाजार त्यांच्या डाव्या हाताकडे पाहत होता!

“इकडं पाहा, मायबाप हो!” भाऊ कळवळून म्हणाले.

पुढे उकिडवा बसलेला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, “पाहलं असतं ना भाऊ. पण जिंदगीभर जो तो वरचाच हात दाखवून राह्यला. तू खालचा दाखव.”

परत येताना बसमध्ये मी पुस्तकातला तो धडा पुन्हा वाचला. भाऊ म्हणाले, “ठेव थे पुस्तक. याच्यातले लोक भोळे आहेत.”

*

पुढचा खेळ पेटीचा. जादूगाराला पेटीत घालायचं, कुलूप लावायचं, आणि तो मागच्या गुप्त फळीतून निसटून प्रेक्षकांतून चालत येतो. मी आकृती घेऊन रज्जाकचाचांकडे गेलो. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

“म्हणजे कुलूप लावल्यावरबी मागून उघडते?”

“हो चाचा, तीच तर जादू.”

“येले जादू नाही, खराब काम म्हणतात! माह्या पेटीतून आजवर मुंगी बाहेर निघाली नाही. लोक लेकीच्या लग्नात देतात माही पेटी. काय तोंड दाखवू?”

आठवडाभर विनवण्या केल्या, तेव्हा कुठे चाचांनी पेटी बनवली. गुप्त फळी होती, अगदी मापात. फक्त मनाला बरं वाटावं म्हणून त्यांनी त्या फळीला बाहेरून एक बारीकशी कडी लावली होती. आणि खेळाआधी सवयीनं घालूनही ठेवली!

घाटंजीकडच्या एका गावात भाऊ आत गेले, कुलूप लागलं. वहिनींनी हार्मोनियमवर एक धून संपवली. दुसरी संपवली. मग आतून भाऊंचा आवाज आला, “निर्मले, आता आरती नको वाजवू. चाचाले बोलाव!”

सगळं मैदान हसत होतं. चाचा तेवढे छाती काढून लोकांना सांगत होते, “पाहलं का? जादूगारबी निघू शकला नाही!”

त्या गावातून चाचांना लग्नाच्या पेट्यांच्या ऑर्डरी मिळाल्या. आम्हाला चहा मिळाला.

*

मग आला करवतीचा खेळ. पुस्तकात सगळीकडे एकच चित्र: पेटीत सडपातळ तरुणी, बाहेर कोटातला पुरुष, हातात करवत. मी वहिनींना ते चित्र दाखवलं.

“मलेच काहून कापता?” वहिनी म्हणाल्या. “घरात काय कमी कापून राह्यले का मले?”

मला ते एकदम पटलं. पुस्तकं लिहिणाऱ्यांना इतकी वर्षं हा साधा प्रश्न पडला नव्हता! ठरलं, पेटीत भाऊ आणि करवत वहिनींच्या हातात. भाऊंचं पोट मावेना म्हणून चाचांनी पेटी रुंद केली. हे काम त्यांनी आनंदानं केलं.

पहिल्याच प्रयोगाला, एका जत्रेत, समोर बायांची हीऽ गर्दी. वहिनींनी करवत लावली, दोन हात चालवले आणि थांबल्या.

“गॅसचा नंबर लावला का?”

भाऊंचं फक्त डोकं बाहेर होतं. “लावतो ना उद्या.”

करवत आणखी दोनदा पुढेमागे झाली. “मावशीकडं साखरपुड्याले मी एकटीच काहून गेलते?”

“अवं, खेळ चालू आहे!”

“म्हणूनच विचारून राह्यले. आज तुमाले उठून जाता येत नाही.”

बायांनी अशा टाळ्या वाजवल्या की बाजूच्या तंबूतले पुरुषही इकडे आले. पुस्तकात या जागी ‘मंद संगीत’ असं लिहिलेलं आहे.

*

नेरला कापसाचा बाजार मोठा. तिथं अधांतरी तरंगण्याचा खेळ ठेवला. वहिनी आडव्या झाल्या, चादर पडली, भाऊंनी हात फिरवला आणि वहिनी हळूहळू वर! खाली आधार नाही हे पटवायला जादूगारानं अंगाभोवतून एक कडं फिरवावं, असं पुस्तक सांगतं. भाऊंनी कडं उचललं मात्र, धोतरातले एक गृहस्थ सरळ स्टेजवर चढले.

“कडं ठेव बाजूले,” ते म्हणाले आणि बाही सरसावली. “माही गाडी मार्केटात गेली की व्यापारी कोपरापर्यंत हात खुपसते. वरचं पाहत नाही, अंदरचं पाहते. आज माही पाळी!”

आणि खरोखर चादरीखाली कोपरापर्यंत हात! तो लपवलेल्या लोखंडी आधाराला लागला, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. भाऊंचं तोंड पांढरंफटक पडलं.

गृहस्थांनी हात बाहेर काढला, बोटं एकमेकांवर चोळली, लोकांकडे वळले आणि व्यापाऱ्याच्या आवाजात बोलले, “थोडा ओलावा आहे. पण माल चालते!”

*

माझा सगळ्यात आवडता खेळ कुंडीचा. पुस्तकात कुंडीत बी टाकून वर नळकांडं ठेवतात, उचलल्यावर गुलाबाचं झुडूप उभं असतं. मी गुलाबाच्या जागी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड आणलं. सरकी पेरायची, झाकायची, झाकण उचललं की बोंडं फुटलेली, पांढरीशुभ्र! नंतर मी स्वतः पुढे येऊन आतली स्प्रिंग आणि कागदी पानं दाखवायचो आणि सांगायचो, बियाण्याची जाहिरात करणारे नेमकं हेच करतात. यासाठीच तर मी परत आलो होतो.

एका गावात मी हे सगळं घसा फोडून समजावलं. लोकांनी मान डोलावली. खेळ संपला तर स्टेजमागे हीऽ रांग!

पहिल्यानं विचारलं, “बियाणं कोणत्या कंपनीचं आहे?”

“काका, ही स्प्रिंग आहे. आत्ताच दाखवली ना!”

“थे समजलं. पण बियाणं कोणाचं?”

“काका, हे खोटं आहे!”

काका माझ्याकडे दयेनं पाहत म्हणाले, “खोटं तं सगळ्यांचंच आहे, बापू. पण थे लोक पाकिटावरचं चित्र दाखवतात. तुमी निदान झाकण काढून तं दाखवता!”

दुसऱ्या दिवशी एक कृषी केंद्रवाला भाऊंकडे आला. हंगाम संपेपर्यंत रोज दुकानासमोर कुंडीचा खेळ करायचा, म्हणाला. मी त्याला हाकललं. स्प्रिंग दाखवायचा भाग तेवढा गाळा, एवढीच त्याची अट होती.

*

साहेबांच्या कार्यालयानं नमुना म्हणून एक खेळ मागवला. तिथल्या बाबूंनी आमच्या यादीतली करवत काढली, कारण हिंसा. पेटी काढली, कारण कोंडमारा. “आशादायक काही करा,” ते म्हणाले. “पाटीवर ‘चिंता’ लिहा आणि ती गायब करा.”

आम्ही कळंबला ‘चिंता’ गायब केली. अगदी साफ, कुठंच चूक नाही. एकही टाळी पडली नाही.

मंडपाच्या कडेला उभ्या एका बाईंनी वहिनींना हाक मारली, “बाई, इथं या कामाले चिंतामणी बसला आहे ना मंदिरात. तुमी कायले तकलीफ घेता?”

*

शेवटी साहेब स्वतः आले, गाडी-ड्रायव्हरसकट. आर्णीच्या अलीकडचं गाव, शाळेचं मैदान, उन्हं उतरलेली. साहेबांनी आधी भाषण केलं. शेतकऱ्यानं हसत राहावं, असं सांगितलं. हा खेळ पाहून आपण सहीचं ठरवू, असंही सांगितलं. मग स्टेजवरच्या मोठ्या कपाटाएवढ्या नव्या पेटीकडे पाहून त्यांना हुरूप आला.

“मी लोकांत मिसळणारा अधिकारी आहे,” ते म्हणाले. “मलाच करा की गायब!”

भाऊ हरखले. हा खेळ पुस्तकातून मी शब्दाला शब्द उतरवला होता. आतल्या आरशामागे माणूस उभा राहतो, दार उघडलं की पेटी रिकामी दिसते. साहेब गळ्यातल्या हारासकट आत गेले. वहिनींनी सूर धरला. भाऊंनी दार उघडलं. आत कोणी नाही!

आणि मैदान उठून उभं राहिलं. एवढ्या टाळ्या भाऊंनी जन्मात ऐकल्या नव्हत्या. त्यांचे डोळे भरून आले. त्याच भरात त्यांनी मी पाठ करून घेतलेलं पुढचं वाक्य म्हटलं, “मायबाप हो, आणू का परत?”

“नकोऽऽ!”

पुस्तकात या जागी प्रेक्षक ‘हो’ म्हणतात. भाऊंनी घाबरून पुन्हा विचारलं, “आणू ना?”

“कायले आणता?” एक जण ओरडला. “आरशाच्या मागं आहे, राहू द्या तिथंच!”

पेटीच्या आतून ठकठक ऐकू यायला लागली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी वहिनींकडे पाहिलं. वहिनी सूर सोडायला तयार नव्हत्या.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी हातानं सगळ्यांना गप्प करत उठली. “थांबा रे पोट्टेहो! भास्कर, तुह्या कागदावर सही झाली का त्याची?”

“नाही झाली, माय.”

“मंग काढ त्याले बाहीर. पयले सही घे.”

भाऊंनी आरसा सरकवला. साहेब बाहेर आले, घामानं निथळत, ओठांवरचं हसू मात्र आत गेले तेव्हाचंच. कोणी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून पेन काढलं, वहिनींच्या हार्मोनियमवर कागद ठेवून सही केली आणि पेनाला टोपण लावून वर पाहिलं.

साहेबांकडे कोणीच पाहत नव्हतं. सगळे पेटीकडे पाहत होते.

तिचं दार उघडं होतं, आणि गाडीचं धरतो तसं ते अदबीनं धरून साहेबांचा ड्रायव्हर उभा होता.