वाळक्या झाडातला काळा सुतार

होटगीहून निघताना मी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं बांधलं, तर माझी सून सुवर्णा गळ्यात दुर्बीण अडकवून उभी. तिला आंबोलीच्या जंगलातला मोठा काळा सुतार पक्षी बघायचा होता. म्हटलं, चल बाई, मलाही डोंगर दाखव.

घाटात झाडं एवढी उंच की वर बघता बघता माझा पदर दोनदा पडला. आंबोलीत पाहुण्यांना घरी ठेवणाऱ्या बाबलभाऊंकडं उतरलो. त्यांनी घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) वाढले, मी चटणी दिली. डोळ्यांतून पाणी आलं, तरी भाऊंनी पुन्हा मागितली!

दोन दिवस रानात हिंडलो. लांबून ठक-ठक ऐकू यायचं, पक्षी काही दिसेना. सूनबाईचं तोंड उतरलं. गोठ्याशेजारी एक वाळकं झाड होतं. मीच म्हटलं, "भाऊ, हे वासरावर पडंल की! तोडा, सरपण होईल." आमच्या भागात वाळकं झाड कोण उभं ठेवतंय? भाऊंना पटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी पहिला घाव घातला आणि वरच्या ढोलीतून डोकं बाहेर आलं. लालभडक तुरा, लाल गाल, फिकट पिवळा डोळा! मग तो भुर्रकन समोरच्या खोडाला जाऊन चिकटला. कावळ्याहून मोठा, अंगानं काळाकुळकुळीत, पोट पांढरं. शेपटीचा टेकू देऊन ताठ बसलेला. ढोलीतून चिरचिर ऐकू आली.

"आत्या, पिल्लं हायत!" सुवर्णा ओरडली.

"थांबा, भाऊ!" मी हाक दिली.

"काल तुमीच सांगलास ना, तोड म्हणान (म्हणून)?"

"सांगितलं, चुकले. कुऱ्हाड ठेवा की खाली."

भाऊंनी वासराकडं बघितलं, ढोलीकडं बघितलं. "बरां. पिल्लां उडान जायसर (जाईपर्यंत) वासरू पडवीत बांधतंय."

पण घावानं बुजलेला पक्षी परत येईल का? आम्ही पडवीत गप्प बसलो. चहा निवला. शेवटी तो आला, ढोलीत शिरला, आणि चिरचिर थांबली. मागून मादी आली, तिचं लाल फक्त डोक्याच्या मागल्या बाजूला. सूनबाई दुर्बीण विसरून रडत होती.

घरी आल्यावर लेक कुऱ्हाडीला धार लावत होता. बांधावरचा वाळका कडुलिंब तोडायला मीच सांगून गेले होते.

"राहू दे तो," मी म्हटलं.

"त्यात काय हाय, आई?"

"ठाऊक न्हाय, बाबा. इतकी वर्षं वर बघितलंच कुटं आपण?"