अप्पांच्या हातचा बिस्तरा

परभणीच्या स्टेशनातून त्या काळात जितकी माणसं परगावी गेली, त्यांतली निम्मी आमच्या समोरच्या अप्पांनी बांधून पाठवली होती. माणसं म्हणजे माणसांचे बिस्तरे. पण अप्पांच्या लेखी त्या दोहोंत फारसा फरक नव्हता. गल्लीत कुणी प्रवासाला निघाल्याची नुसती कुणकुण लागली की अप्पा धोतराचा सोगा खोचून त्याच्या दारात हजर. वालूरकडची जमीन बटईनं दिलेली, पोटापाण्याची ददात नाही, मूलबाळ नाही, आणि सतरंजीत गादी घालून तिची वळकटी आवळण्याचा असा नाद, की एखाद्याला भजनाचा असावा. मी तेव्हा नुकताच इथल्या शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. पहिल्या सुट्टीत गावी निघालो, तर अप्पांनी माझा बिस्तरा सरळ हातातून काढून घेतला. "मास्तर, बिस्तरा हाय का काय हे? मांजर गुंडाळल्यावानी दिसायलंय!" त्यांनी तो सोडला, झटकला, पुन्हा बांधला, आणि मी गावी पोचलो तेव्हा आमच्या आईनं मुलाच्या आधी बिस्तऱ्याचं कौतुक केलं.

अप्पांची गाठ दोन पैलवानांनी ओढली तरी हलायची नाही, आणि लहान पोरानं नेमकं टोक धरून ओढलं की अलगद सुटायची. आत पाण्याचा तांब्या कुठं, टॉवेल कुठं, आंथरायची चादर कितव्या घडीला, याचं त्यांचं एक शास्त्र होतं. पण मला त्यांची खरी ओळख झाली ती आमच्या शाळेच्या शिपायाच्या घरी. त्याची बदली झाली होती आणि घरात ठिगळांच्या गोधड्यांखेरीज काही नव्हतं. अप्पांनी सगळ्या गोधड्या पाहिल्या, त्यातल्या त्यात धड बाजू शोधली आणि ती वर येईल असा बिस्तरा वळला. जाताना मला हळूच म्हणाले, "परमुलखात उतरल्यावर मानूस आपला बिस्तरा बगतंय, मास्तर. तोंड मागनं बगतंय." हे सगळं फुकट चाले, आणि वर सुतळीही पदरची.

ती फुकटेगिरी पेशकारसाहेबांना खुपे. पेशकारसाहेब म्हणजे तहसिलातले कारकून, मूळचे वारंगळकडचे, घरात तेलुगू आणि बाहेर दखनी बोलणारे. रोज संध्याकाळी अप्पांच्या ओट्यावर दोघांचा बुद्धिबळाचा डाव पडे. तो डाव शेवटाला गेलेला मी कधी पाहिला नाही. चाल मागं घेण्यावरून भांडण होई, भांडणावर अप्पांच्या घरच्या काकू चहा देत आणि चहानंतर पहिल्यापासून मांडामांड. अशाच एका भांडणात पेशकारसाहेब म्हणाले, "अप्पा, ये हुनर मुफत में कायकू लुटाते? दुकान डालो!" अप्पा लाजले. पण काकूंनी ते धरलं आणि स्टेशनच्या रस्त्याला एक टपरी उभी राहिली. वर पाटी लागली, "बिस्तरा व सामान बांधून मिळेल", मराठीत, उर्दूत आणि पेशकारसाहेबांच्या हट्टानं तेलुगूतही.

दुकान काय, चौकशीची कचेरीच ती. कुठं निघालात, किती दिवस, तिकडं घ्यायला कोण येणार, हे कळल्याशिवाय अप्पा सुतळीला हात लावत नसत. एका गिऱ्हाइकाला त्यांनी भर थंडीत नुसती चादर नेतोय म्हणून घरी पिटाळलं. बिचारा घोंगडी घेऊन येईतो गाडी गेली. तो तणतणू लागला तर अप्पा म्हणतात, "गाडी उद्या बी हाय. थंडी काय तुमाला इचारून येनार हाय का?" एका साहेबानं चामडी पट्ट्यांचा होल्डॉल आणला, तेव्हा त्यांनी लांबूनच हात जोडले. "ह्येला काय बांधू? ह्ये जलमतानाच बांधून आलंय!" पैसे मागणं त्यांच्या जिवावर येई, म्हणून पुढंपुढं काकूच गल्ल्यावर बसू लागल्या. दुकान चाललं ते त्यांच्यामुळं.

आणि मग असं चाललं, की बघवेना. हैदराबाद राज्य मोडलं. मराठी मुलूख मुंबईकडं आला, तेलुगू मुलूख आंध्रात गेला, कानडी म्हैसूरकडं. ज्याची जी भाषा तिकडं त्याची बदली. टपरीपुढं ट्रंका आणि गाद्यांची रीघ लागली. रोज अप्पा कुणा ना कुणा ओळखीच्याचं घर सुतळीत आवळत आणि संध्याकाळी ओट्यावर एक माणूस कमी असे. इतकी बरकत आणि इतका उदास चेहरा मी एका ठिकाणी कधी पाहिला नाही. एके दिवशी पेशकारसाहेबांचाही हुकूम आला.

त्यांची बायकामुलं आधीच पुढं गेली होती. राहिला होता एक बिस्तरा आणि एक ट्रंक. अप्पांनी सुतळी ओली आहे म्हणून एक दिवस काढला, अमावस्या म्हणून दुसरा. तिसऱ्या दिवशी मात्र बांधला. आम्ही स्टेशनवर गेलो, गाडी आली, हमालानं बिस्तरा उचलला, आणि अप्पांच्या हातचा तो बिस्तरा फलाटावर भसकन उलगडला! उशी इकडं, धोतरं तिकडं, बुद्धिबळातला उंट थेट रुळांवर. आम्ही गोळा करतोय तोवर गाडी सुटली. अप्पा खाली मान घालून म्हणाले, "हात चुकला बगा, साहेब." पेशकारसाहेबांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि टांगा बोलावला.

घरी आलो तर काकूंनी तिघांची पानं मांडली होती. मी चकित झालो. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "सकाळी गाठ बगितली की मी. तवाच डाळ जास्ती टाकली." त्या संध्याकाळी डाव पडला. चाल मागं घेण्यावरून कुणीच भांडलं नाही, म्हणून तो शेवटाला गेला, आणि कोण जिंकलं ते मला आता आठवतही नाही.

दुसऱ्या दिवशी बिस्तरा पुन्हा बांधायला घेतला. पहिली गाठ पडली की तिच्यावर कुणीतरी बोट ठेवावं लागतं, नाहीतर दुसरी मारीपर्यंत ती ढिली पडते. पेशकारसाहेबांनी वाकून बोट ठेवलं. अप्पांनी सुतळी फिरवली, दुसरी गाठ आणली आणि थांबले.

"बोट काडा, साहेब. आवळायलोय."

"हौ, काडता हूं. ज़रा ठैरो."

दोघंही तसेच बसले, एकाचं बोट गाठीवर आणि दुसऱ्याच्या हातात सुतळी. मला तिथं उभं राहवेना. मी टांगा बघायला म्हणून बाहेर आलो. गाडी त्या दिवशी वेळेवर आली.

पुढं कैक वर्षं अप्पा दुकानात बसले. दर साली म्हणत, औंदा कापूस निघाला की वारंगळला जाऊन येतो. कुठं गाडी बदलायची, कुठं पाणी चांगलं मिळतं, सारं त्यांना तोंडपाठ होतं. कापूस निघे आणि अप्पा तिथंच. एकदा काकूच वैतागून म्हणाल्या, "मंग जावा की एकदाचं! तुमाला कुनी धरून ठिवलंय?"

अप्पा सुतळीचा गुंडा करत होते. तो करता करताच म्हणाले, "जाईन की. पन तितं गेलं की मागारी यायचं आलंच. परत त्यांला सोडून यायचं... एकदा झालं तेवढं लय झालं."