नांदेड ते लातूर, यंत्रावर फोडलेल्या नारळासह

नांदेडहून लातूरला टेम्पोत घालून एखादं यंत्र न्यायचा बेत असेल, तर नारळ फोडायला एक दगड आधी शोधून ठेवा. चिडून लिहितेय. माफ नाही केलंत तरी चालेल.

आमचं यंत्र म्हणजे सोयाबीन पेरायची ढकलगाडी. चाक फिरलं की साखळी फिरते आणि एकेक दाणा खाली पडतो. लातूरच्या प्रदर्शनात ती चालवून दाखवायची होती. सगळं वेल्डिंग माझ्या वर्गमैत्रिणीचं, उदगीरच्या महादेवीचं. निघताना आमच्या सरांनी हळदकुंकू वाहिलं आणि नारळ थेट यंत्रावर आपटून फोडला. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या!

लोह्यावरून जाणारा रस्ता आता झकास आहे, खड्ड्यांना दोष देता येत नाही. अहमदपूरला स्टँडसमोर भिजवलेल्या मुरमुऱ्यांची गरम सुशीला खाल्ली; मिरची जपून खा. मग यंत्र उतरवून जरा ढकललं, तर साखळी निसटली. बसवली, पुन्हा निसटली. ताणून बसवली, तरी तेच.

"पोरीला वेल्डिंग करू दिलं की आसंच होतंय," सर चहा पीत म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. महादेवीने मात्र साखळीच्या दोन्ही चाकांना दोरी लावून पाहिली. पुढचं चाक तिरकं झालं होतं. ते ज्या लोखंडी पट्टीवर बसवलंय तीच वाकली होती, आणि रंग उडालेल्या जागी नारळाची शेंडी अडकली होती.

"सर, जोड तुटला न्हाई. पट्टी वाकली हाय. नारळ हितंच फोडला तुमी."

"देवाचा नारळ हाय तो. त्यानं काय वाकतंय?"

टेम्पोवाल्याचा पाना घालून आम्ही दोघींनी पट्टी सरळ केली. चाकूर कधी गेलं कळलंच नाही, इतकी मी धुसफुसत होते.

लातूरला गाडी सुरेख चालली. परीक्षकांनी रंग उडालेल्या जागेबद्दल विचारलं, तर सर हसून म्हणाले, "मुलीचं वेल्डिंग आहे, सांभाळून घ्या." आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. खाली शेरा होता: जोडकाम सुधारावं.

नांदेडला पोचताच बक्षिसाच्या आनंदात सर पुन्हा नारळ घेऊन आले. महादेवीने त्या पट्टीवर आपला पंजा ठेवला.

"फोडा, सर."

सरांनी नारळ वर्कशॉपच्या उंबऱ्यावर फोडला. प्रसादाचं खोबरं आम्ही दोघींनी घेतलं नाही.