पडद्याची कड

आमच्या पोरीने पुण्याला नवा गेमचा डबा घेतला आणि जुना दिवाळीत मोताळ्याला आणून आमच्या टीव्हीला जोडून दिला. सोबत बटणांचे दोन रिमोट. तिचा हेतू साफ होता. आईबाप दिवसभर एकमेकांशी भाजी आणि गॅस यापलीकडे बोलत नाहीत, हे तिला फोनवरूनही कळायचं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे कोणतंही यंत्र मला येतं असा माझा समज आहे, आणि तो खोटा आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या दिवशी मी रिमोट उलटा धरून बराच वेळ ‘हे खराब आहे’ असं सांगत होतो.

खेळ दोघांचा होता. जमिनीखाली बुडालेलं एक जुनं शहर, त्यात एक उंच माणूस आणि एक बुटकी बाई. उंच माणूस दगड ढकलू शकतो, बुटकी बाई भोकातून पलीकडे जाऊ शकते. एकाने फरशीवर उभं राहायचं, की दुसऱ्यासाठी दार उघडतं. दुसऱ्याने पलीकडे जाऊन साखळी ओढायची, की पहिल्याचा मार्ग मोकळा. मारामारी नाही, शत्रू नाही. उड्या मारायच्या, पडायचं आणि डोकं खाजवायचं. पडलात तर वाटेत शेवटी पेटवलेल्या दिव्यापाशी पुन्हा उभे. कोणी ओरडत नाही, गुण कापत नाही. वर्षानुवर्षं पोरांचे गुण कापत आलेल्या माणसाला हे फार नवल वाटलं.

आणि ते कोडं सुटण्याचं सुख! ज्या दगडाला आपण शिव्या देत बसलो तोच फिरवून पाण्यात लोटला की पाणी चढतं, फळी तरंगते आणि वाट तयार. सगळं आधीपासून समोरच असतं, फक्त दिसलेलं नसतं. बायकोला हे माझ्याआधी कळायचं. मी पाठ्यपुस्तकासारखा डावीकडून उजवीकडे जायचो, ती आधी थांबून सगळीकडे मान फिरवून पाहायची. मला वाटायचं, किती ही सावकाश बाई.

पण ती मरायची फार. पडदा दोघांत एकच. एक जण पुढे पळाला की पडदा त्याच्याबरोबर सरकतो आणि मागे राहिलेला कडेबाहेर जाऊन संपतो. मी पळायचो. तिची बुटकी बाई दर वेळी मागे राहून गडप व्हायची.

“अहो, थांबा न! कोठी पयून राह्यले?”

“मंग तू ये न लवकर.”

“येऊन तं राह्यली. तुमी पडदाच घेऊन जाता सोबत.”

पोरगी फोनवर हसली. म्हणाली, “बाबा, तुम्ही मोताळ्याच्या बाजारातपण असंच चालता. तुम्ही पुढे, आई मागे. तिथं आई मरत नाही एवढंच.”

आमच्याकडे ती रीतच आहे. बाजारात नवरा पुढे, बायको पिशवी घेऊन चार पावलं मागे. माझा बाप तसाच चालायचा, मी तसाच चाललो, आणि त्यात काही वाईट आहे असं मला कोणी सांगितलं नव्हतं. पण खेळात ते चालेना. मग मी पळणं सोडलं. ती येईपर्यंत उंच माणसाला जागेवर उभा ठेवायला शिकलो. मोठा त्याग केल्यासारखं वाटलं मला.

तरी ती मरायचीच.

एका रविवारी दुपारी आम्ही चटईवर टीव्हीच्या अगदी जवळ बसलो होतो, कारण रिमोटची वायर आखूड. एका दालनात बाजूने झुलता ओंडका यायचा. तो दिसला की वाकायचं, एवढंच काम. मी वाकलो. ती वाकली नाही. पुन्हा दिव्यापासून. पुन्हा तेच. आणखी एकदा तेच झालं तेव्हा माझ्यातला मास्तर जागा झाला.

“आता लहान लेकरूही वाकलं असतं. त्या ओंडक्याले काऊन नाही पाहत तू?”

ती माझ्याकडे वळली. डोळे नाही, अख्खी मान वळवून.

“कोणता ओंडका?”

मी बोट दाखवलं. तो पडद्याच्या डाव्या कडेला झुलतच होता. तिने मान तिकडे नेली, तेव्हा म्हणाली, “आत्ता दिसला. हा कधी आला?”

मी खेळ थांबवला. तिला म्हटलं, समोर माझ्या नाकाकडे पाहा, हलू नको. मग माझं बोट तिच्या कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणलं. “दिसलं की सांग.” बोट आलं, गालाच्या पुढे आलं, आणखी पुढे आलं. ती माझ्या नाकाकडे बघत शांत बसली होती. “दाखवा न,” म्हणाली, “कव्हा दाखवता?”

दरवर्षी फळ्यावर मी डोळ्याची आकृती काढतो. बुबुळ, भिंग, पडदा, नस. बाण काढून नावं लिहितो. ‘मानवी डोळा ही निसर्गाची अद्भुत देणगी आहे,’ हे वाक्य मला झोपेतही येतं. आणि ज्या डोळ्यांसमोर मी रोज जेवायला बसतो ते कडेकडून विझत आले होते, ते मला ओंडक्याने सांगितलं.

तिला विचारलं, हे कधीपासून? तिला नक्की सांगता येईना. हळूहळू झालं असावं. दाराची चौकट खांद्याला लागायची, तिला वाटायचं आपलंच ध्यान नाही. “बाजारात मी तुमच्या पाठीकडे पाहून चालतो,” ती म्हणाली, “पाठ दिसते तोवर वाट बरोबर.” ती रीत म्हणून मागे चालते असं मी समजत होतो.

शेजारणीने धीर दिला. “मोतीबिंदू असन. काढला का झालं. माह्या सासूचा काढला, आता सुईत दोरा ओवते.” त्या भरवशावर आम्ही बुलढाण्याला गेलो. बायको एस.टी.त गप्पा मारत होती.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांतलं प्रेशर पाहिलं, मागची नस पाहिली आणि मोतीबिंदू नाही म्हणाल्या. काचबिंदू. मग एका अंधाऱ्या खोलीत तपासणी. हनुवटी यंत्रावर टेकवायची, एक डोळा झाकायचा, नजर मध्ये ठेवायची. आतल्या पांढऱ्या वाटीत कुठेतरी ठिपका चमकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं.

बटण हातात आल्यावर बायको दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहून म्हणाली, “हे येते मले.” तपासणी करणाऱ्या मुलीने दार लावून घेतलं.

मी बाहेर बाकावर बसलो. आतून बटणाचा आवाज येत होता. टक. टक. मग काहीच नाही. पुन्हा टक. मग पुष्कळ वेळ काहीच नाही. ठिपके तर चमकत असणार. त्या शांततेत किती चमकून गेले, कुठे चमकले, हे कान देऊन मोजायचा मूर्खपणा मी करून पाहिला.

कागदावर निकाल आला. मध्ये थोडं उजेडाचं, भोवती काळं. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. काळं झालेलं परत येत नाही. रोज थेंब टाकले, एकही दिवस चुकवला नाही, तर उरलेलं राखता येईल. तेही बहुतेक.

बायकोने विचारलं, “खेळ खेळला म्हणून झालं का?”

“नाही हो. खेळलात म्हणून कळलं.”

घरी आल्यावर मी टीव्ही लावायला गेलो, तिचं मन रमावं म्हणून. तिने हात धरला.

“ते मागून पाहू. मले आधी माणसं पाहाच्यात. वरवटले जातो बहिणीकडे. एकटीच.”

मी सोबत येतो म्हटलं, रजा काढतो म्हटलं, एस.टी.त अपंगाच्या सोबत्यालाही सवलत असते हे सांगितलं. ती म्हणाली, “आज एकटी जाता येते. आज जाऊ द्या.”

थेंबांची बाटली थंड राहावी म्हणून ओल्या कपड्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. स्टँडवर ती दांडा चाचपत एस.टी.त चढली, खिडकी धरली. मी खाली उभा राहून हात हलवत राहिलो. ती समोर बघत होती. गाडी हलली तरी समोरच. मी हात हलवतोच आहे, अगदी निवडणुकीच्या उमेदवारासारखा.

थोड्या वेळाने फोन आला.

“तुमी थांबलेच नाही वाटते.”

“उभा होतो न. हात दाखवून राह्यलो होतो.”

“कोणत्या बाजूले?”

“खिडकीच्या मागच्या अंगाले.”

मग ती म्हणाली, “आता समोर येऊन उभे राहत जा.”